सोळा भट्ट्या आणि बाबांचा डावा हात

बाबांना अर्धांगवायू झाला त्याला आता वर्ष होत आलं. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. उरला एकच शब्द, 'बराबर'. चहा हवा का, बराबर. चहा नको का, बराबर. धंतोलीत ज्या मॅडमकडे आम्ही त्यांना बोलायच्या उपचारासाठी न्यायचो, त्यांनी गाईचं चित्र दाखवून विचारलं, हा कंगवा आहे का? बाबा म्हणाले, बराबर. मॅडमनी मला बाहेर बोलावून सांगितलं की यांना समजतं किती, ते काही सांगता येत नाही. झालं. तेव्हापासून घरी येणारा जो तो बाबांच्या उशाशी बसून बाबांबद्दलच बोलायला लागला, जणू ते तिथे नाहीतच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अहो, या माणसानं तीस वर्षं एमआयडीसीत पॅनल वायरिंग केलं. लोखंडी कपाटात शे-दोनशे तारा, पण एक तार दुसरीवर चढलेली दिसायची नाही. तो गाय आणि कंगव्यात फसेल? मला पटत नव्हतं. पण नुसतं मला पटून काय होतं, लोकांना दाखवायला पाहिजे होतं. आणि दाखवायला माझ्याजवळ होतं काय, तर एक जुना लॅपटॉप आणि त्यातला ठोकळ्यांचा खेळ.

हसा खुशाल. तिशी उलटलेली बाई मी, पण नोकरीवरून आले की तोच खेळ खेळते. त्यात जमीन खणायची, ठोकळे रचायचे, कच्चं लोखंड भट्टीत वितळवायचं. रेडस्टोन नावाची लाल भुकटी असते, तिची ओळ टाकली की तिच्यातून करंट जातो. मी वरून एक मोड, म्हणजे खेळात बाहेरून घालायची जोड, टाकून दुप्पट वेगाच्या भट्ट्या आणल्या होत्या, आणि अशा सोळा भट्ट्या एका इवल्याशा खोलीत बसवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. माल आपोआप आत जावा, आपोआप बाहेर यावा. प्रत्येक भट्टीच्या डोक्यावर एक नरसाळं बसवायचं, त्यातून माल खाली पडतो. पण जागा कमी, त्यामुळे भुकटीच्या ओळी एकमेकींना चिकटायच्या आणि इकडचा करंट तिकडे जायचा. म्हटलं, हे तर बाबांचंच काम आहे.

रोज संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवायची आणि समोर लॅपटॉप ठेवायची. आठवडाभर ते नुसते पाहत राहिले. मग एक दिवस डावं बोट उठलं. स्क्रीनवर टेकलं आणि भुकटीच्या ओळीपासून नरसाळ्यापर्यंत सरकलं. इथे जोड, असं बोटानं सांगत होते. मला केवढा आनंद झाला. जोडलं, तर नरसाळं बंद. या खेळात कारभारच उलटा. करंट दिला की नरसाळं थांबतं, काढला की चालतं. जन्मभर तारा जोडलेला माणूसच ही चूक करणार, कारण त्याच्या हिशेबानं करंट म्हणजे चालू. मी समजावलं. बराबर, म्हणाले. पुन्हा समजावलं, पुन्हा बराबर. चौथ्या वेळी माझा आवाज चढला. "काय बराबर, बाबा? काय बराबर?"

"काहून वं, काहून वरडून राहिली त्यायच्यावर?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्यायले काय समजते?"

खरं सांगते, त्या संध्याकाळी मलाही वाटलं, की मॅडमचंच खरं असेल. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

तरी खेळ सोडला नाही. पंधरा-वीस दिवसांनी एका रविवारी सोळाही भट्ट्या धडाधड चालायला लागल्या. तेव्हा मला बाबांच्या कारखान्यातली पद्धत आठवली. नवीन माणूस आला की बाबा तयार पॅनलमध्ये मुद्दाम एक तार चुकीची लावून ठेवायचे आणि फक्त एवढंच म्हणायचे, काम झालं आहे, एकदा नजर टाक. चूक आहे हे सांगायचे नाहीत. ज्याला ती सापडली तो पास. मी तेच केलं. सातव्या भट्टीच्या नरसाळ्याला चिकटून, करंटच्या ओळीला जोडून, एक चिमूट भुकटी टाकली. पंधरा भट्ट्या पेटलेल्या, सातवी थंड. मग बाबांना आणून बसवलं.

"पाहा बाबा, झालं सगळं. बराबर?"

बाबा बघत राहिले. वर्षभरात पहिल्यांदा ते तो शब्द बोलले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं माउस ओढला. नेम भिंतीवर जायचा, छतावर जायचा, भलतीकडेच जायचा. माझे हात इतके शिवशिवत होते की मी ते मांडीखाली दाबून बसले. पाव तास तरी गेला असेल. मग त्यांनी नेमकी ती चिमूट काढली. सातवी पेटली. म्हणजे उलटा नियमसुद्धा त्यांनी डोक्यात घेतला होता, मी ओरडत होते तेव्हाच.

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. स्वतःचीच युक्ती ते ओळखणार नाहीत होय? पोटच्या पोरीनं आपल्याला नवीन माणसासारखं तपासलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. मला शरम वाटायला हवी होती. पण मी आनंदानं वेडी झाले होते, तशीच स्वयंपाकघरात धावले.

"आई, बाबांना समजतं. सगळं समजतं. पहिल्यापासून समजतं."

आई पोळ्या लाटत होती. मला वाटलं ती हसेल, देवापुढे साखर ठेवायला उठेल. तिचा हात लाटण्यावरच थांबला.

"पयल्यापासून?"

"हाव."

ती ओट्याला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "संक्रांतीले तुही मावशी आलती. त्यायच्या उशाशी बसून मी तिले म्हणलं, असं पडून राहण्यापरीस देवानं त्यायले नेलं असतं तं बरं झालं असतं."

मीही तेव्हा तिथेच, बाबांच्या पायाशी बसले होते. मी होकारार्थी मान हलवली होती.

तव्यावरची पोळी करपली. आत बाबा खुर्चीत तसेच बसले असतील, आणि त्यांच्यासमोर जायची आमच्या दोघींची हिंमत होत नव्हती.