बीपीचं हाली आणि कलदार

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे सातवा महिना सरताच मी नांदूरघाटला अप्पांच्या घरी येऊन दाखल झाले. पुढे किराणा दुकान, मागे घर. दुकानात अप्पा आणि दादा, घरात आई आणि वहिनी. मी मधल्या खोलीत लोळत सगळ्यांवर हुकूम सोडायची. माहेरी आलेल्या लेकीला तेवढी सूट असतेच.

वहिनी घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. अंबाजोगाईची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. शिकलेली सून आणली म्हणून आईनं गावभर मिरवून घेतलं, आणि मग तिला भाकरी थापायला बसवलं. माझं आणि तिचं तसं बरं होतं, पण नणंद ती नणंदच. तिच्या भाकरीचा पापुद्रा सुटला नाही की मी म्हणायची, “ह्याचं बी एखादं सूत्र आसंल की वहिनी तुमच्या पुस्तकात?” ती हसायची. उलट बोलायची नाही, पण पुढची भाकरी टम्म फुगवून माझ्याच ताटात टाकायची.

ते दिवस बाहेरदेशच्या वस्तूंचे. गावात एसटीडीचा पिवळा डबा नुकताच लागला होता, आणि ज्याचं कुणी दुबईला असेल त्याच्या घरी काहीतरी टुंटुं वाजणारं यंत्र हमखास सापडायचं. माझ्या नवऱ्याच्या एका मित्रानं तिकडून बीपी मोजायचं मशीन आणलं. आता घरात बाळंतपण होणार म्हणून नवऱ्यानं ते बीडहून पाठवून दिलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, पट्टा आपोआप फुगायचा आणि काचेत आकडे उमटायचे. माहितीपुस्तक कुठल्या तरी चिनी-जपानी लिपीत होतं. ते दादानं पहिल्याच दिवशी बाजूला टाकलं, आणि मशीनचा ताबा मात्र स्वतःकडे घेतला.

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं. पाय सुजले होते, पण ते काय, पोटुशीचे सुजतातच, असं सगळ्या म्हणत होत्या. दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा मी घाबरले. गावातले डॉक्टर लग्नासाठी केजला गेले होते. दादानं मोठ्या ऐटीत मशीन काढलं, माझ्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आला एकवीस पॉइंट सहा, खाली चौदा पॉइंट एक. बाजूला बारीक अक्षरांत ‘के पी ए’ असं काहीतरी लिहिलेलं.

“हे काय हाय?” मी विचारलं.

“कंपनीचं नाव आसंल,” दादा म्हणाला. मग आकड्याकडे बघून त्याचा चेहराच उतरला. “अप्पा, हिचं बीपी लई उतरलंय हो. लागतंय एकशेवीस, आन् हिचं एकवीस!”

आई लगेच उठली. “तरीच पोरगी आशी गळाल्यावानी कराय लागली.” बीपी उतरलं की मीठ द्यायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिनं तांब्याभर लिंबाचं पाणी केलं, त्यात मीठ चांगलं सढळ हातानं टाकलं, आणि वर लोणच्याची फोड. मी एक घोट घेतला. दुसरा घ्यायला तोंड लावणार तोच माझ्या हातातून कुणीतरी तांब्या काढून घेतला.

वहिनी. हात पिठाचे, पदर खोचलेला.

आमच्या घरात आईनं दिलेलं कुणाच्या हातातून काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती, अप्पांचीही. आई बघतच राहिली.

“एकवीस असतं,” वहिनी म्हणाली, “तर ताई आत्ता लोणचं चाखत बसल्या नसत्या. त्या शुद्धीवरच नसत्या.”

“मग मशीन खराब हाय,” दादा म्हणाला.

“बघू ना.” तिनं पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. पंधरा पॉइंट दोन. “कॉलेजात रक्तदानाच्या वेळी माझं मोजलं होतं. एकशे चौदा. म्हणजे मशीन साडेसातच्या जागी एक दाखवतंय.” मग स्वतःशीच मान हलवून म्हणाली, “पण तेव्हाचं माझं बीपी आज तेवढंच असेल असं थोडंच आहे? दुसरीकडून बघायला पाहिजे.”

तिनं साखरेच्या पुडीचा कागद ओढला आणि तिथेच जमिनीवर बसून लिहायला लागली. माझ्या डोक्यात घण पडत होते, तरी मी तिच्याकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत ती इतकी मोकळी बसलेली मी पाहिली नव्हती. डॉक्टरांच्या मशीनमध्ये पारा असतो, ती बोलत होती. रक्ताचा जोर त्या पाऱ्याला नळीत किती मिलिमीटर वर ढकलतो, तो आपला आकडा. पाऱ्याऐवजी पाणी भरलं असतं तर तेच पाणी चांगलं माणसाच्या उंचीइतकं वर गेलं असतं, म्हणून जड पारा घ्यायचा. हवेचाही दाब असाच मोजतात. समुद्राकाठी तो पाऱ्याला सातशे साठ मिलिमीटरपर्यंत उचलून धरतो. आणि तोच दाब दुसऱ्या मापात सांगायचा तर एकशे एक पॉइंट तीन किलोपास्कल.

“के पी ए,” ती म्हणाली. “कंपनी नाही. माप आहे ते.”

सातशे साठला तिनं एकशे एक पॉइंट तीननं भागलं. साडेसात आले. तिच्या दंडावरून आले तेच, आणि समुद्रकाठच्या हवेवरून आले तेही तेच. कागद तिनं खाली ठेवला. चेहरा पांढरा पडला होता.

“ताईंचं बीपी उतरलं नाही. चढलंय. खूप चढलंय. आत्ताच्या आत्ता अंबाजोगाईला न्यायला पाहिजे.”

दादा वैतागला. “पुस्तकातलं हिथं काहून आणतीस? उद्या डॉक्टर येतेतच की.” आईनं तर कानावर हातच ठेवले. “आठव्या म्हैन्यात वेस वलांडत न्हाईत. माज्या लेकीला काय झालं तर?” आता वीस तोंडं वीस गोष्टी बोलणार असं मला दिसायला लागलं, आणि मला रडू फुटलं. मला आकडेमोड काही कळली नव्हती. मला एवढंच कळत होतं की एक जण मीठ पाज म्हणतंय, दुसरं मीठ विष म्हणतंय, आणि पोटातलं माझं लेकरू दोघांच्या मधे अडकलंय.

आवाज ऐकून अप्पा दुकानातून आत आले. अप्पा सत्तरीचे. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. वहिनीनं पदर सावरला, पण मागे सरली नाही.

“मामा,” ती म्हणाली, “निजामाच्या वेळेला दुकानात दोन तऱ्हेचे पैसे चालायचे ना?”

“चालायचे. निजामाचा हाली, इंग्रजाचा कलदार.”

“हैदराबादकडून माल आला तर?”

“हालीत मांडायचा. सोलापूरचा आला तर कलदारात. सात हालीला सहा कलदार.” अप्पांचा चेहरा उजळला. ह्या विषयावर त्यांना सहसा कुणी विचारत नसे. “येकदा येका मारवाड्यानं—”

“मामा, हे मशीन हालीत बोलतंय,” वहिनीनं त्यांना मधेच तोडलं. सासऱ्याला तोडलं! “डॉक्टर कलदारात बोलतात. एकाचे साडेसात. ह्यांनी हालीचा आकडा कलदार म्हणून वाचला. तुम्ही करून बघा.”

अप्पांनी मशीनच्या काचेत बघितलं. मग डोळे मिटले. आयुष्यभर पावकी-निमकीच्या पाढ्यांवर दुकान चालवलेला माणूस. “येकवीस साते येकशे सत्तेचाळीस. वर साडेदहा. येकशे साडेसत्तावन्न. वरच्या पॉइंट सहाचे साडेचार.” डोळे उघडले. “येकशे बासष्ट.”

“हो.”

“आन् खालचं चौदा. येकशे पाच. वर थोडं.” ते माझ्याकडे वळले. अप्पांच्या डोळ्यांत भीती मी त्या एकाच दिवशी पाहिली. मग त्यांनी वहिनीला विचारलं, “हे लई हाय का गं, बाई?”

“गरोदरपणात फार आहे, मामा.”

“जीप बोलीव,” अप्पा दादाला म्हणाले. आई काही बोलायला गेली, तर त्यांनी नुसता हात वर केला. दादा धावला. माझा भाऊ तोंडानं फटकळ, पण एकदा पटलं की पायात बळ येतं त्याच्या.

जीपमध्ये माझं डोकं आईच्या मांडीवर, पाय वहिनीच्या, पुढे ड्रायव्हरशेजारी अप्पा आणि दादा. अंबाजोगाईला पोचेपर्यंत डाव्या कुशीवरून हलू नका, म्हणून तिनं बजावलं होतं. केजमध्ये ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मागच्या चाकात हवा कमी, म्हणे, अशी पळवली तर वाटेत बसेल. मला असा संताप आला की उठून त्याच्या कानशिलात द्यावी. पंक्चरवाला निवांतपणे नळी लावून ओरडला, “तीस पौंड!”

माझा हात वहिनीच्या हातात होता. ती वाकून हळूच म्हणाली, “ताई, जीपचं बीपी सांगू का?”

“सांगा.”

“साधारण पंधरा पौंडाला सातशे साठ. म्हणजे तीस पौंडाला पंधराशेच्या वर. पंधराशे पन्नास धरा.”

“मग मरत कशी न्हाई रांड!” मी म्हटलं. त्या तसल्या अवस्थेत आम्ही दोघी हसलो. आईनं आम्हाला वेड्यात काढलं. हसू ओसरल्यावर मी विचारलं, “वहिनी, मी वाचंन का?” दुसरं कुणी असतं तर ‘असं काय बोलता’ म्हणालं असतं. ती म्हणाली, “वाचायला पाहिजे. आपण वेळेत निघालोय.” मला त्या खऱ्या उत्तरानं जितका धीर आला तितका कुठल्या नवसानं आला नसता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाऱ्याच्या मशीनवर मोजलं. एकशे सहासष्ट, खाली एकशे दहा. लघवी तपासली, इंजेक्शनं सुरू केली, अंधाऱ्या खोलीत निजवलं. अजून थोडा वेळ गेला असता तर झटके आले असते, दोघांपैकी कुणाचाच भरवसा नव्हता, असं त्या आईला म्हणाल्या. कुणी ओळखलं, असंही त्यांनी विचारलं. वहिनी पटकन म्हणाली, “मामांनी हिशेब केला.” अप्पा दारात उभे होते. ते म्हणाले, “म्या नुस्ता गुणाकार केला. काय गुणायचं ते हिनं सांगितलं.”

आईचं मात्र रडणं थांबेना. मीच लेकीला मीठ पाजत होते, हेच तिचं पालुपद. वहिनी तिच्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाली, “आत्याबाई, बीपी खरंच उतरलं असतं तर तुमचंच औषध बरोबर होतं.” सासूच्या पाठीवर हात फिरवणारी सून आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. पुढे सगळ्यांना त्याची सवय झाली.

दिवस भरायच्या आधीच ऑपरेशन करून मुलगी काढावी लागली. एवढीशी, पण आवाज खणखणीत. ते सगळे दिवस वहिनी माझ्याजवळच होती. आईला रात्री घरी पाठवायची आणि स्वतः खाली सतरंजी टाकून झोपायची. नर्स बीपी मोजायला आली की मान उंच करून पाऱ्याकडे बघायची, आकडा खाली यायला लागला की मला डोळ्यांनीच सांगायची. मी तिला भाकरीवरून चिडवायचं तेव्हाच सोडून दिलं. शहाणं माणूस पुष्कळ पाहिलं मी पुढे आयुष्यात. पण आपलं शहाणपण समोरच्याच्या भाषेत नेऊन त्याच्या हातात ठेवणारं, आणि वर त्याचंच कौतुक होऊ देणारं, असं दुसरं पाहिलं नाही.

घरी सोडायच्या आदल्या दुपारी वॉर्डात सामसूम होती. बाळ वहिनीच्या मांडीवर झोपलं होतं. मी तिला म्हटलं, “वहिनी, तुमी नसत्या तर आमी दोघी नसतो. बी.एस्सी.चं सोनं झालं बघा.”

तिनं बाळाचं दुपटं नीट केलं.

“माझी मोठी बहीण अशीच गेली, ताई,” ती म्हणाली. “पहिलंच बाळंतपण. पाय सुजले, डोकं दुखलं, मग झटके. मी बारावीला होते. कॉलेजात दाबाचा धडा तेव्हाच चालू होता. मिलिमीटरचं पास्कल, पास्कलचं मिलिमीटर, पानंच्या पानं गणितं सोडवत होते मी. तिचं मात्र कुणी मोजलंच नाही.”

माझं दूध पाझरायला लागलं होतं, बाळाला पाजायची वेळ झाली होती. मी हात पुढे केला नाही. अजून थोडा वेळ ते तिच्याच मांडीवर राहू दिलं.