तवंदीच्या घाटात उपाशी मोटार

लढाई सुरू व्हायच्या आधी मी निपाणी-बेळगाव सर्व्हिस मोटार चालवायचो. मोटार जुनी, माझ्याइतकीच तापट. त्या वर्षी दसरा झाला आणि तिने तवंदीच्या घाटात अडायचं जणू व्रतच घेतलं. सपाटीला नीट धावायची. चढ लागला की आचके द्यायची, कार्बोरेटरमधून शिंकायची आणि बंद पडायची. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू. चार दिवस हेच चाललं होतं.

मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. चौथ्या दिवशी त्यांनी बेळगावात मला समोर उभं केलं. "उद्या येशील तवा हिचं दुखणं काय ते सांग. न्हायतर हँडल माझ्या हातात ठेव आन् घरला जा."

मोटार सुरू करायचं ते लोखंडी हँडल मिळवायला मला आठ वर्षं लागली होती. घरी बैल आणि नांगर, मोटारीचं नाव कुणाला ठाऊक नाही. आठ वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या धुतल्या, शिव्या खाल्ल्या. ते हँडल मी कुणाच्या बापाला देणार नव्हतो.

खरं म्हणजे दोष कुणाचा हे मी ठरवूनच टाकलं होतं. निपाणीच्या पेट्रोलवाल्याचा. "रॉकेल मिसळतोस व्हय रं म्हाताऱ्या?" म्हणून त्याच्या दुकानासमोर चार माणसांत मी त्याची अब्रू काढली होती. तो डबे पुसत राहिला. तो गप्प बसला म्हणून माझी खात्री आणखीच पक्की झाली.

पाचव्या दिवशी मोटार पुन्हा घाटात शिंकली आणि थांबली. पुढच्या बाकावरचे तंबाखूचे व्यापारी म्हणाले, "बस की जरा, आपोआप सुरू हुतीया."

"आज न्हाय," मी म्हणालो. "आज हिच्या पोटात काय दुखतंय ते बघितल्याबिगर मी हलत न्हाय."

चाकांना दगड लावले. चारही प्लग काढून इंजिनावर टेकवले आणि व्यापाऱ्यांना हँडल फिरवायला लावलं. धोतर सावरत, कुरकुरत त्यांनी फिरवलं. चारही ठिणग्या निळ्या, टचटचीत. म्हणजे विजेत खोट नव्हती. प्लगांची टोकं पाहिली, ती कोरडी आणि पांढरी. पेट्रोल जास्त होऊन गुदमरली असती तर टोकं काळी, ओली निघाली असती. मोटार उपाशी होती.

कार्बोरेटरपाशी नळी सोडली. धार यायला हवी, तर थेंब थेंब. तेवढं सपाटीला पुरत होतं, चढाला पुरत नव्हतं. उभी राहिली की कार्बोरेटरची वाटी थेंबांनी भरायची आणि बाई पुन्हा चालू. मी माझ्या बसायच्या गादीखालची टाकी डब्यात रिकामी केली आणि तिच्या तळाची, नळीच्या तोंडावरची जाळी बाहेर काढली. जाळीवर पिवळा-तांबडा चिखल. चिखलात तांदळाचे दाणे, कुंकवाने माखलेले.

अक्षता होत्या त्या.

खंडेनवमीला आप्पा, माझे वडील, चिकोडीकडच्या गावाहून मुद्दाम चालत आले होते. मोटारीभोवती दोनदा फिरले आणि विचारलं, "हिचं तोंड कुठं रं?" मी मोठ्या ऐटीत गादी उचलून टोपण काढून दाखवलं आणि नारळ आणायला गेलो. आमच्या घरी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैलाच्या कपाळाला हळद-कुंकू लावतात आणि पहिला घास तोंडात देतात. आप्पांनी माझ्या बैलालाही तसंच केलं होतं, पुरत्या मूठभर अक्षतांचा घास देऊन.

आधी मला भयंकर राग आला. मग त्या म्हाताऱ्या पेट्रोलवाल्याचा चेहरा आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. जाळी, नळी, वाटी धुतली, उतारूच्या पटक्यातून पेट्रोल गाळून परत भरलं. मोटार एकदाही न शिंकता घाट चढली.

बेळगावात अण्णांनी हात पुढे केला. "सांग, न्हायतर दे."

आप्पांचं नाव घेतलं असतं तर पार निपाणीपर्यंत हसू झालं असतं, आणि आप्पा पुन्हा मोटारीकडे फिरकले नसते.

"खंडेनवमीला टाकी मी उघडी टाकली हुती, अण्णा. पूजेचं आत पडलं. चूक माझी."

अण्णांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "हँडल ऱ्हाऊ दे. पर निपाणीत काय बोललास ते कळलंय मला, त्या पेट्रोलवाल्याचे पाय धर जा."

दुसऱ्या दिवशी धरले. त्याच दुकानासमोर, चार माणसांत.

टाकीच्या टोपणाला मी कुलूप बसवून घेतलं. पुढच्या खंडेनवमीला आप्पा आले ते खुशीतच. "गेल्या साली घास दिला, वरीसभर कुठं अडली न्हाय बघ!"

"व्हय आप्पा," म्हणत मी त्यांना बॉनेटकडे नेलं. "कपाळ हितं हाय."

त्यांनी हळद-कुंकू लावलं. दुसऱ्या मुठीत गुळाचा खडा होता. "आन् घास?"

"तिच्या वाटणीचा मला द्या."

जन्मभर त्यांनी बैलांना भरवलं. आम्हा पोरांना कधी भरवल्याचं मला आठवत नाही. ते थोडे गोंधळले. मग तो खडा माझ्या तोंडात घातला आणि बैलाला थोपटतात तशी माझ्या मानेवर दोनदा थाप मारली.