रबरी बुटांची गोष्ट

आमच्या शिड्या दादा बनवतो, मोजमापं मी काढतो आणि भावजी गोष्टी सांगून त्या विकतात. शिडीच्या पायांना आम्ही जाड रबरी बूट घालतो. बाकीचे कारखाने प्लास्टिकची टोपणं ठोकून मोकळे होतात. हा फरक आकड्यांत सांगितला की गिऱ्हाईक जांभई देतं. भावजी नुसतं म्हणतात, "एक गृहस्थ होते," आणि गिऱ्हाईक खुर्चीत पुढे सरकतं.

हे गृहस्थ दर वेळी शिडीवरून पडतात. फक्त गिऱ्हाईक बघून त्यांची नोकरी बदलते. दवाखान्यात ते वॉर्डबॉय असतात, गोदामात हमाल, नाट्यगृहात दिवेवाले. भावजींची बायको म्हणजे आमची ताई. ती एकदा म्हणाली, "इतक्यांदा पडून तो माणूस अजून धडधाकट कसा?"

भावजी म्हणाले, "नंतर आपली शिडी घेतली ना त्यांनी."

मोठ्या ग्रंथालयाला चाळीस शिड्या हव्या होत्या, त्या सकाळी आम्ही नमुना दाखवायला तिथे गेलो. काम मिळालं तर कारखाना चालणार, नाहीतर महिनाअखेर शटर खाली ओढायचं, हे आम्ही आदल्या आठवड्यातच ठरवलं होतं. दादा खाली टेम्पोपाशी थांबला. सहा वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला, तेव्हापासून त्याचा डावा गुडघा वाकत नाही. पाय चुकला, असं त्यानं घरी सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्यावर नमुन्याची शिडी खांद्यावर घेऊन मी चढलो आणि भावजींच्या मागे उभा राहिलो.

टेबलापलीकडे ग्रंथपाल बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी खरेदीचं बघणारे एक साहेब. भावजींनी घसा साफ केला.

"एक गृहस्थ होते. ग्रंथालयात कारकून. वरच्या फळीवरचा नकाशा काढायला चढले, आणि खालून शिडी सरकली."

"हातात काय होतं म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"नकाशा."

"माझ्याकडे आला होतात तेव्हा दिवा होता. मी तेव्हा नाट्यगृहाचा व्यवस्थापक होतो. पडता पडता त्यांनी बायकोला हाक मारली होती. यांनीही मारली का?"

भावजींचा चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा झाला. मी शिडी भिंतीला टेकवली. बाईंनी फाईल मिटली.

"म्हणजे पडलं कोणीच नाही," त्या म्हणाल्या.

भावजी खुर्ची ओढून बसले. गोष्ट सांगताना ते कधी बसत नाहीत.

"पडलं," ते म्हणाले. "माझा मेहुणा पडला. बूट यायचे होते, पण मला घाई. आधी दाखवू, बूट मागाहून बसवू, असं मीच म्हणालो. गुळगुळीत फरशी होती. तो वर चढला, मी खालून धरली होती. गिऱ्हाइकाशी बोलत होतो. बोलणं रंगात आलं आणि हातवारे करायला मी शिडी सोडली."

मी भावजींच्या मानेकडे बघत राहिलो. ते पडणारे गृहस्थ म्हणजे दादा, सहा वर्षं आमच्या ताटाशेजारी जेवत होते.

"ही गोष्ट तरी खरी कशावरून?" साहेब म्हणाले.

"तो खाली उभा आहे."

बाई उठल्या. "चला. तुम्ही माझ्या मागे राहा, आणि खुणा करू नका."

मी शिडी पुन्हा खांद्यावर घेऊन त्यांच्यामागून तीन मजले उतरलो. दादा डावा पाय ताठ ठेवून टेम्पोची काच पुसत होता. बाईंनी थेट विचारलं, "पाय कसा गेला तुमचा?"

दादानं भावजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. गिऱ्हाइकापुढे घरचं झाकायचं, एवढं त्याला कळलं.

"माझीच चूक," तो म्हणाला. "दोन पायऱ्या सोडून उतरायला गेलो. भावजींनी घट्ट धरली होती."

"झालं," साहेब म्हणाले. "आणखी एक आवृत्ती."

मला डोळ्यांपुढे शटर खाली येताना दिसलं.

भावजी पुढे आले. "दादा, मी वर सगळं सांगितलं. हात सोडल्याचं."

दादानं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"कशाला सांगितलंत?" तो हळूच म्हणाला. "आता तिला कळेल ना. काय तोंड दाखवणार घरी?"

"तिला म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या बहिणीला. यांच्या बायकोला."

"हे ठरवून आलेले नाहीत," बाई साहेबांना म्हणाल्या. मग वाकून त्यांनी नमुन्याच्या शिडीचा रबरी बूट अंगठ्यानं दाबून पाहिला.

"आत दरवाज्याशी पॉलिशची फरशी आहे," त्या भावजींना म्हणाल्या. "तिथे लावा आणि चढा. तुम्ही."

भावजी सहा वर्षांत शिडीवर चढले नव्हते. पाचव्या पायरीवर थांबून त्यांनी वरची पायरी कवटाळली. दादा गुडघा ताठ ठेवून, दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता.

"हात हलवू नका, भावजी," तो म्हणाला.

"तू पण."

शिडी तसूभर सरकली नाही. भावजी उतरले तेव्हा साहेबांनी बाईंकडे बघून खांदे उडवले.

"आधी दहा द्या," बाई म्हणाल्या. "टिकल्या तर बाकीच्या तीस. आणि त्या कारकुनाला आता निवृत्त करा."

दहा शिड्यांनी शटर दोन महिने तरी लांबलं. तरी परतताना टेम्पोत आम्ही तिघं कुणाच्या मयताला निघाल्यासारखे बसलो होतो.

"तिला मी सांगतो," दादा म्हणाला.

"नाही. मीच."

ताईनं दार उघडलं. "काय, पडले का आज तुमचे गृहस्थ?"

"बस जरा," भावजी म्हणाले. ती बसली. तेही समोर बसले, आणि बोलायला तोंड उघडण्याआधी त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.