पाच मार्कांचा प्रश्न

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. भाची स्वाती एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली… हार्ट अटॅक." मी म्हणाले, "बरं." बरं! सख्खी थोरली बहीण गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? फोन ठेवला, उरलेली हजेरी घेतली आणि मग बारामतीहून कन्हेरीला, तिच्या सासरी गेले. पाच आठवडे झाले याला. बायका म्हणतात, रडून मोकळी हो. अहो, रडायलाच येत नाही, त्याला मी तरी काय करू?

आम्ही सणसरच्या. अक्का वर्षाने मोठी, पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची शाळा वर्षभर बुडाली आणि दहावीला आम्ही एकाच बाकावर आलो. आईपाशी एकजण लागणारच होती. मग तात्यांनी, आमच्या वडलांनी, निकाल लावून टाकला, "जिला मार्क जास्त, ती कॉलेजात जाईल. म्हंजे कुणावर अन्याव न्हाय." गावानं तात्यांची वाहवा केली. मला जास्त मार्क पडले. अक्का पास झाली, पण मागे राहिली. माझे पेढे तिनेच घरोघर वाटले, आणि दोन वर्षांत तिचं लग्न लागलं.

मी पुढं बारावीला समाजशास्त्र शिकवायला लागले. त्यात कार्यवाद्यांचं म्हणणं असं की समाज शरीरासारखा चालतो, प्रत्येक अवयवाला त्याचं काम. शाळेचं काम म्हणजे पोरांना समाजाची रीत लावायची, आणि सगळ्यांना एकाच मापानं मोजून ज्याला त्याला लायकीच्या जागी बसवायचं. उदाहरण म्हणून मी दरवर्षी आमचीच गोष्ट सांगायचे, नावं न घेता. दोन बहिणी, एकच शाळा, एकच पेपर… जिची गुणवत्ता जास्त, ती पुढं गेली. पोरं माना डोलवायची. मलाही खरंच वाटायचं की मी जिंकले.

गेल्या वर्षी अक्का चष्म्याचा नंबर काढायला बारामतीला आली आणि माझी वाट बघत वर्गातच मागच्या बाकावर टेकली. नेमका तोच धडा. माझ्या तोंडात ते उदाहरण इतकं बसलेलं, की ती समोर आहे हे ध्यानात यायच्या आत सांगून झालं होतं. बाहेर आल्यावर ती हसत म्हणाली, "म्याडम, तुजं समदं बराबर हाय. पण एक ऱ्हायलं बग. त्या दोघींतली भाकरी कोण थापत हुती?"

"अगं, ते सिलॅबसमध्ये नाही," मी म्हणाले.

"व्हय का? मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि आम्ही चहा प्यायलो. तिला तेव्हाच सांगायला हवं होतं, की अक्का, तू थापत होतीस, आईचं सगळं तूच करत होतीस आणि मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसत होते. एवढं एक वाक्य. आज म्हणू, उद्या म्हणू करत वर्ष गेलं. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

तेराव्याला स्वातीनं एक वही माझ्या हातात दिली. अक्कानं सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. बाहेरून बारावी. विषयांत समाजशास्त्र. "तुला सांगू नको म्हणली हुती," स्वाती म्हणाली, "पास झाल्यावर पेढं घिऊन येनार हुती तुज्याकडं."

वहीत सरावाची उत्तरं आहेत, अक्षर गोल, ठसठशीत. 'शिक्षणाची कार्ये स्पष्ट करा. (५ गुण)' याच्या उत्तरात ती लिहिते, 'दोन बहिणी, एकच शाळा, एकच पेपर. जिची गुणवत्ता जास्त, ती पुढे गेली.' माझंच वाक्य, शब्द न् शब्द. भाकरीचं अवाक्षर नाही. त्याला मार्क पडत नाहीत, हे मीच तर शिकवलं होतं तिला. शेजारी पट्टीनं चौकट आखून मार्कांसाठी मोकळी ठेवलीय. उत्तर बरोबर आहे, पाचपैकी पाच द्यायला हवेत. रोज वही उघडते, लाल पेन घेते… आणि हात उचलत नाही.