न घासलेलं भांडं

नवऱ्याला जाऊन चार महिने झाले तेव्हा सासरे स्टुटगार्टला आले. अंत्यविधीला त्यांना पोचता आलं नव्हतं. व्हिसा हातात पडेपर्यंत इथलं सगळं उरकलं होतं. फुटबॉल वर्ल्ड कपचे झेंडे तेव्हा शेजारच्या बाल्कनीत अजून लटकत होते.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याचा कप घासून टाकला. शेवटच्या सकाळी तो त्यातूनच घाईघाईत चहा पिऊन त्सुफेनहाउझेनच्या फॅक्टरीत निघाला आणि वाटेतच त्याचं हृदय बंद पडलं. तळाशी चहाचा डाग होता. मी तो कप तसाच खिडकीत ठेवला होता. जन्मात पाण्याचा पेला न विसळलेल्या माणसाला नेमका तेव्हाच मदतीचा उमाळा आला. मी भांडले नाही. पुढ्यात वरणभात ठेवायचा आणि आत निघून जायचं, एवढंच.

इथे रविवारी दुकानंही बंद असतात. घर खायला उठलं म्हणून त्यांना म्युझियममध्ये नेलं. पेरूच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन लोकांचं दालन होतं. काचेच्या पेटीत ओंजळीएवढं काळं दगडी भांडं, त्यावर दात विचकलेला आठ पायांचा कोळी कोरलेला. सासरे तिथेच थांबले.

"काय लिहिलंय गं?"

"पूजाविधीचं भांडं आहे, बाबा. थडग्यात सापडलं. रेघांमधला लाल रंग हिंगुळाचा. आत काय ठेवायचे ते पुढेमागे तपासता येईल, म्हणून मुद्दाम घासलेलं नाही."

शेवटचं वाक्य मी जरा ठासूनच म्हणाले. ते काचेजवळ वाकले.

"तो कप," ते म्हणाले. "म्हणून बोलत नाहीस होय."

"कुणाचा होता ते तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"माहीत होतं. त्याच्या शेवटच्या अंघोळीला मी नव्हतो, पोरी. म्हटलं, एवढं तरी आपल्या हातानं करावं. कोमट पाणी घेतलं होतं."

त्याला अंघोळ घातली ती इथल्या अंत्यविधीवाल्या कंपनीच्या अनोळखी माणसांनी. मी बाहेर खुर्चीवर बसून होते. हे त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं. मग तिथल्या बाकावर बसून, ज्या हाताचा मला इतके दिवस राग होता, तोच हात धरून रडले.