दसऱ्याआधी विकलेलं मशीन

सन १९८८. मी बेचाळीस वर्षांचा होतो, आणि आपलं कधी चुकत नाही असं मला वाटायचं.

शाळा म्हणाल तर चौथी. बाकी सगळं फौजेनं शिकवलं. वायरलेस उघडायचा, बिघाड हुडकायचा, तुटलेल्या तारेला डाख देऊन ती जोडायची आणि परत बंद करायचा. शेवटची पोस्टिंग चंडीगडची. पेन्शन झाली तसा तिथंच राहिलो आणि एका सेक्टरच्या मार्केटात रेडिओ-टीव्हीचं दुकान टाकलं. पुढं काउंटरवर मी. मागं पडद्याआड दुरुस्तीच्या टेबलाला माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. हात सोन्याचा, पण गिऱ्हाइकापुढं त्याला मी फारसं येऊ देत नव्हतो.

पंजाबात दिवस वाईट होते. आज इथं बंद, उद्या तिथं. अतिरेकी बसा अडवायचे, माणसं खाली उतरवून गोळ्या घालायचे, आणि पेपरात मेलेल्यांचा आकडा यायचा. दिवे लागायच्या आत मार्केट ओस. ट्रान्झिस्टर तर कुणी हातात धरत नव्हतं, बेवारस ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब ठेवतात म्हणून.

अशात दिल्लीचा एक व्यापारी परदेशी व्हिडिओ गेमचं मशीन घेऊन आला. टीव्हीला जोडायचं, वर कॅसेट खुपसायची आणि दांडी हलवत खेळायचं. किंमत रंगीत टीव्हीच्या जवळपास निम्मी. मी चार उचलली.

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी ही गोष्ट काढली, तर एक डॉक्टर सगळ्यांदेखत हसले. म्हणाले, “अहो, तेवढ्यात पोरांना सायकली येतील पाच!”

मी म्हणालो, “डॉक्टरसाहेब, सायकल चालवायची कुठं? पोरगं सायकल घेऊन बाहेर पडलं की आई खिडकीत उभी. हे घेतलं की पोरगं घरात, डोळ्यापुढं. बघाच तुम्ही, हे खपणार.”

 चौथी शिकलेल्या माणसानं डॉक्टराला गप्प केलं, याच तोऱ्यात मी घरी आलो आणि मेहुण्याला शब्द देऊन बसलो. “दसऱ्याच्या आत एक जरी मशीन खपलं नाही ना, तर काउंटरला तू बस. मी मागं बसून डाख देतो.”

“लिहून देताय का, दाजी?”

“माझा शब्द आहे.”

गणपती गेले, पितृपक्ष गेला, घट बसले. एक मशीन मी टीव्हीला जोडून काचेत ठेवलं होतं, दांडी बाहेर काउंटरवर. लोक बघायचे, किंमत विचारायचे, “वाह जी” म्हणायचे आणि निघून जायचे. मेहुणा रोज सकाळी माझी खुर्ची पुसायचा, आपल्या मापाची आहे का बघतो म्हणायचा.

दसऱ्याला तीन दिवस राहिले होते. दुपारी एक पंजाबी बाई आली. साठीची, अंगावर पांढरी ओढणी. सोबत दहाएक वर्षांची नात. पोरीनं काही न बोलता दांडी हातात घेतली. टीव्हीवरचं विमान तीनदा पडलं. चौथ्यांदा डोंगर ओलांडून गेलं, तशी ती ओरडली, “दादी, देखो!” आजी टीव्हीकडं बघेना, पोरीकडंच बघत राहिली. मग तिनं किंमत विचारली. मी सांगितली. ती पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली.

आता, आम्हा मराठी माणसांची तिथं एक खोड होती. गिऱ्हाइकाला भाव हिंदीत सांगायचा आणि त्याच्यादेखत त्याच्याविषयी मराठीत बोलायचं. मंडईत आमच्या बायका तेच करायच्या, दवाखान्यात आमचे डॉक्टरही. इतक्या लांब कोण समजतंय!

मेहुण्यानं मागच्या पडद्यातून डोकं काढलं. “किंमत ऐकून गार पडली, दाजी. हे पण गेलं.”

“गप बस,” मी म्हणालो. चेहरा हसरा ठेवला, म्हणजे बाईला वाटावं आम्ही मशीनविषयीच बोलतोय. “घेतीय बघ. पोरीला बाहेर सोडायची छाती नाही तिची. आणखी दोन बसा अडवू देत, दुकानापुढं रांग लागंल. दसऱ्यापर्यंत फक्त असंच चालू राहू दे, मग बघ.”

मेहुणा हसला. मीही हसलो.

बाईनं पर्स उघडली, पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, “पावती करा, भाऊ.”

मराठीत. स्वच्छ मराठीत.

 ती हळू आवाजात बोलत होती, पोरीला ऐकू जाऊ नये अशी. “देवळालीला होतो आम्ही अकरा वर्षं. हिचा बाप तिथंच मराठी शाळेत शिकला.” मग म्हणाली, “तो अशाच एका बसमध्ये होता.”

मी पैसे तिच्याकडं परत सरकवले.  तिनं ते पुन्हा माझ्यापुढं सरकवले.

“नको. चार महिन्यांत आज पहिल्यांदा पोर मोठ्यानं बोलली. मशीन चांगलं आहे तुमचं. जोडायला कोण येतं?”

“मीच येतो,” मी म्हणालो. “उद्या सकाळी.”

विकणाऱ्यानं स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन जोडून द्यायचं, हा माझा नेम होता. त्यात कधी मेहुण्याला पाठवलं नव्हतं. बाईनं पत्ता लिहिला, पोरीनं खोकं छातीशी धरलं आणि दोघी गेल्या.

मेहुणा बाहेर आला.  मग म्हणाला, “शब्द खरा झाला तुमचा, दाजी.”

झाला होता. जसं बोललो होतो तसंच मशीन खपलं होतं, त्याच कारणानं. तिला मराठी येत होतं याची मला लाज वाटत नाही. तिला येत नसतं, तर ते वाक्य मी चहा पिऊन विसरलो असतो आणि दसऱ्याला डॉक्टरांना पेढा दिला असता. याची वाटते. आजही वाटते. माफी मागायला दोन शब्द पुरले असते, पण माझी मान कधी वाकली नव्हती, आणि त्या दिवशीही वाकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. स्क्रूड्रायव्हर, वायर आणि पत्त्याची चिठ्ठी मेहुण्याच्या हातात दिली.

“तू जा. माझा गुडघा धरलाय.”

त्यानं माझ्या गुडघ्याकडं बघितलं, मग तोंडाकडं. त्यानं सायकल काढली.

मी पडद्यामागं गेलो, त्याच्या स्टुलावर बसलो आणि एक बंद पडलेला रेडिओ उघडला. पुढं काउंटरवरून कुणीतरी हाक मारली, “कोई है जी?”

मी ओ दिली नाही.