दोरीपलीकडचे भावोजी

समोरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं आणि त्यानं वर आपलेच आभार मानून जायचं, ही विद्या पृथ्वीतलावर एकाच माणसाला येते आणि तो पनवेलला राहतो, असं मी जबाबदारीनं सांगतो. राहतो म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने. उरलेले महिने तो समुद्रावर असतो. हे आमच्या ताईचे धाकटे दीर. ताई त्यांना भावोजी म्हणते, म्हणून मीही भावोजीच म्हणतो. प्रवाशांना हौसेची सफर घडवणाऱ्या एका मोठ्या जहाजाच्या अगदी वरच्या मजल्यावर फक्त मोठ्यांसाठी राखलेला पोहण्याचा तलाव आहे. भोवती आरामखुर्च्या, वाटेवर एक जाड पांढरी दोरी आणि दोरीला पाटी, की अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. त्या दोरीपाशी भावोजी उभे असतात. टॉवेल देणं आणि पाण्यावर नजर ठेवणं ही कामं आहेतच, पण त्यांची खरी नोकरी म्हणजे दिवसभर येणाऱ्या पोरांना परत पाठवणं.

हे ते कसं करतात, ते पाहण्यासारखं आहे. पोर दिसलं की ते आधी गुडघ्यावर बसतात. "उभ्यानं नाही म्हटलं की ते वरून पडतं, लागतं," असं त्यांचं म्हणणं. मग त्या पोराच्या डोळ्याला डोळा भिडवून एखादं गुपित सांगावं तसं हलक्या आवाजात सांगतात, की आत काहीच नाही. घसरगुंडी नाही, चेंडू नाही. सगळे तोंडावर टोप्या टाकून झोपलेत, आणि त्या कोपऱ्यातले काका कालपासून पुस्तकाच्या एकाच पानावर आहेत. पोर आत डोकावून खात्री करून घेतं, मोठ्यांच्या जातीबद्दल त्याला मनापासून वाईट वाटतं आणि ते भावोजींशी हात मिळवून खाली पळतं.

सुट्टीत ही विद्या आम्ही घरगुती कामाला जुंपतो. माझ्या चुलतबहिणीला सुकापूरच्या एका तालेवार घरातून मागणी आली होती. मुलगी तयार नव्हती, आणि आमच्या घरातली झाडून सगळी मोठी माणसं दोन महिने त्यांच्याकडचे पोहे खाऊनही ते सांगू शकली नव्हती. शेवटी भावोजींना पाठवलं. ते तासाभरात परतले तेव्हा हातात सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, भलीमोठी पिशवी होती. मुलाचे वडील फाटकापर्यंत सोडायला आले होते म्हणे, आणि म्हणाले होते, "नाय म्हनायला पन असा मानूस पायजे." पुढे त्या मुलाच्या लग्नात भावोजी पहिल्या रांगेत बसले होते. बसले होते हेही तितकंसं खरं नाही, कारण मांडवात ऊन जसं सरकेल तसतशा म्हाताऱ्या बायकांच्या खुर्च्या सरकवत ते दुपारभर फिरत होते, आणि तीन आज्या बसल्या जागीच झोपेत मांडवाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेल्या. बाकी सवयीही अशाच. घरातले टॉवेल ते गुंडाळून मनोऱ्यासारखे रचतात, त्यामुळे अंघोळीला जाणारा माणूस खालचा ओढावा की वरचा उचलावा या विचारात उभा राहतो. नळाचं पाणी आधी हुंगतात आणि मगच पितात. आणि पाण्याकडे पाठ म्हणून करत नाहीत. वडाळे तलावाकाठी आम्ही फिरायला गेलो की भावोजी खेकड्यासारखे आडवे चालतात. तिथं काढलेल्या प्रत्येक फोटोत आम्ही सगळे हसतोय, मागे तलाव आहे आणि भावोजींच्या डोक्याची फक्त मागची बाजू आहे. मी एकदा चिडून विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, की बुडणारा माणूस आवाज करत नाही, म्हणून कानावर विसंबून चालत नाही.

त्यांची मुलगी गार्गी नऊ वर्षांची होती तेव्हा त्यांचं जहाज काही महिने मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या फेऱ्या करत होतं, आणि नोकरमाणसांच्या घरच्यांना सवलतीत एक सफर करता येत होती. ताई, दाजी, गार्गी, तिची आई आणि मोकळा होतो म्हणून मी, असे आम्ही निघालो. गार्गीनं आपला बाप बहुतेक फोनच्या पडद्यावरच पाहिलेला. त्या वर्षी ती पनवेलच्या तरणतलावात पोहायला शिकली होती आणि एका दमात पूर्ण लांबी पार करायची. हे तिनं फोनवर मुद्दाम सांगितलं नव्हतं. ते तिला दाखवायचं होतं.

पहिल्या दिवशी भावोजी आम्हाला फक्त रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं भेटले, तेही गणवेशात आणि उभ्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठेपणाचा हक्क बजावून त्यांच्या तलावाकाठी खुर्चीत पडलो होतो. पाण्यात सात-आठ माणसं होती. तेवढ्यात जिन्यावरून गार्गी आली. लाल टोपी, कपाळावर चढवलेला पोहण्याचा चष्मा आणि खांद्यावर जहाजाचा टॉवेल. भावोजींनी तिला पाहिलं. ते दोरीपाशी गेले आणि गुडघ्यावर बसले.

मला वाटलं, आता हा माणूस दोरी काढणार. पण त्यांनी तेच सांगायला सुरुवात केली, हलक्या आवाजात, की आत काहीच नाही, घसरगुंडी नाही, चेंडू नाही. गार्गीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तू आहेस ना आत."

भावोजींचा हात दोरीपर्यंत गेला आणि मागे आला. माझ्या शेजारच्या खुर्चीत निळी टोपी घातलेल्या एक बाई होत्या, सत्तरीच्या, नाशिकच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या उठून आल्या आणि म्हणाल्या, की येऊ द्या तिला, आमची कोणाचीच हरकत नाही. पाण्यातली माणसंही हो हो म्हणाली. भावोजींनी हात जोडले. जिन्याच्या खालच्या पायरीवर एक मुलगा उभा होता, तिकडे त्यांनी नजरेनं दाखवलं आणि म्हणाले, "काल याला मी नाही म्हटलंय, बाई. तो बघतोय."

गार्गी वळली आणि खाली गेली. भावोजी उठले, पाण्याकडे तोंड करून आपल्या जागी जाऊन उभे राहिले. चेहऱ्यावर तेच नेहमीचं अदबीचं हसू होतं, पण हातातला टॉवेल ते गुंडाळत होते, उलगडत होते आणि पुन्हा गुंडाळत होते. मी जवळ जाऊन सांगितलं, की पोरांचा तलाव या कठड्यातून खाली सरळ दिसतो, दोन मिनिटं येऊन बघा. ते म्हणाले, "पाण्यात माणसं आहेत."

हे मुख्याध्यापिका बाईंनी ऐकलं. त्यांनी भावोजींना विचारलं, "पाण्यात कोणीच नसलं, तर मग तुम्हाला पाण्याकडे बघावं लागत नाही ना?" भावोजी गोंधळून नाही म्हणाले. बाईंनी दोनदा टाळी वाजवली आणि आयुष्यभर मैदान रिकामं करणाऱ्या आवाजात सगळ्यांना पाण्याबाहेर यायला सांगितलं. सगळे आले. एक जाडजूड गृहस्थ नुकतेच पाण्यात उतरले होते, तेही आले. मी खाली धावलो आणि कठड्याखाली हिरमुसून बसलेल्या गार्गीला म्हटलं, वर बघ. वर एका रांगेत आठ-नऊ मोठी माणसं पाणी ठिबकत उभी होती आणि मधोमध गणवेशातला तिचा बाप. पाठ तलावाकडे.

मी पुन्हा वर पोचेपर्यंत तिनं सूर मारला होता. पोरांचा तलाव म्हणजे जत्राच. कोणी चेंडू फेकतंय, कोणी रबरी चक्रावर तरंगतंय, आणि त्यातून वाट काढत ती लाल टोपी निघाली. एकदा एका चक्राला धडकली, थांबली नाही. कठड्यावरची माणसं श्वास रोखून बघत होती. जाडजूड गृहस्थ तर कठड्यावर थाप मारून तिला दिशा सांगत होते. मी भावोजींच्या शेजारी होतो. ती अर्ध्यावर आली तेव्हा त्यांनी काळा चष्मा काढला, गणवेशाच्या टोकानं पुसला, डोळ्याला लावला, पुन्हा काढला आणि पुसत राहिले, पण ओल काचेवर नव्हतीच. खाली तिनं भिंतीला हात लावला आणि वळून वर पाहिलं, तेव्हा त्यांचा चष्मा डोळ्यांवर होता आणि ते हात हलवत होते.

मुंबईला जहाज लागलं तेव्हा आम्ही उतरलो आणि ते वरच राहिले. त्यांचे अजून चार महिने बाकी होते. पनवेलला येताना गाडीत सगळे पेंगले होते. गार्गी माझ्या शेजारी बसली होती. खाडीचा पूल गेल्यावर तिनं विचारलं, "काका, मी भिंतीला हात लावला ते बाबानं बघितलं ना?"

मी म्हटलं, "बघितलं."

चार महिन्यांनी भावोजी घरी आले तोवर गार्गीनं पोहणं सोडून बॅडमिंटन धरलं होतं. मुलांचं असंच असतं. भावोजींनी तक्रार केली नाही. फोनवर बघून खेळाचे नियम शिकले आणि रोज संध्याकाळी तिच्याबरोबर जाऊ लागले. एकदा मीही गेलो होतो. बाकावर बसून ते समोरच्या मुलीच्या चांगल्या फटक्यालाही टाळ्या वाजवत होते, त्यावरून गार्गी डोळे वटारत होती. मधेच, खेळावरची नजर न काढता, त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी ती पार भिंतीपर्यंत गेली होती ना?"

"गेली होती," मी म्हटलं. "हात लावला आणि वळून वर पाहिलं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "कुठला हात?"

"उजवा," मी सांगितलं. समोर गार्गी फूल उचलून पुन्हा खेळायला उभी राहिली होती, आणि भावोजी बाकाच्या कडेला सरकून, गुडघ्यांवर कोपरं टेकवून, पापणी न लववता तिच्याकडे बघत होते.